पात्यावरचा हात

सुपडूला मारल्याची बातमी मला चोपड्याकडच्या एका केळीच्या बागेत कळली. फवारणी संपवून नुकताच उतरलो होतो, कानांत टर्बाइनची शिट्टी अजून वाजत होती आणि फोनवर त्याचा मेहुणा रडत होता. “कॅप्टनसाहेब, सुपडूभाऊले मारं हो... बाजारमा, बठ्ठा लोकेस्ना समोर.” मला आधी वाटलं, कुणीतरी कानफटात दिली असेल. सुपडूने आयुष्यात इतक्यांना झोडपलं होतं की त्यातला एखादा उलटणं ठरलेलंच होतं. पण पारोळ्याच्या भरल्या बाजारात, भाजीच्या ओळीत, चौघांनी मिळून त्याचं डोकं दांडक्यांनी फोडलं होतं. धुळ्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तो संपला. याला आता काही आठवडे झाले. त्याच्या घरी सांत्वनाला येणारे चहा पिऊन झाल्यावर हळूच म्हणतात, “मारकुटा होता हो, कधी ना कधी हे व्हायचंच.” मारकुटा होता, हे खरंच आहे. पण का होता, ते कुणी विचारत नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

मी धुळ्याचा. लष्करातून निवृत्त झालो आणि एका खासगी कंपनीचं जुनं हेलिकॉप्टर चालवायला लागलो. आमच्या बापांच्या तरुणपणातलं यंत्र ते. पुढे काचेचा मोठा गोळा, मागे उघड्या नळ्यांची शेपटी. खानदेशात त्याला सगळे भोपळाच म्हणतात. केळीवर करपा पडला की औषध फवारायचं, दीपनगरकडच्या उंच वीजवाहिन्यांचे चिनी मातीचे इन्सुलेटर पाण्याने धुवायचे, सातपुड्यात खांब उचलून न्यायचे, अशी त्याची कामं. जमिनीवरचं सगळं सुपडू बघायचा. तो पारोळ्याजवळच्या एका खेड्यातला, मूळचा डिझेल पंपांचा मिस्तरी. बांधावर उभं राहून तीन शेतं पलीकडचा पंप काय मागतोय ते सांगायचा, आणि त्याचा त्याला भारी गर्व होता. “माले दाखाडू नका, ऐकाडा,” असं म्हणून छाती काढायचा.

मग कंपनीने भोपळ्याचं जुनं पेट्रोल इंजिन काढलं आणि टर्बाइन बसवलं. जुन्याची धडधड अशी होती की लोक ढोरं घेऊन पळायचे, आणि ते गप्प झाल्यावरही बराच वेळ कुणी जवळ फिरकत नसे. टर्बाइन मात्र शिट्टी घालतं, आणि बंद केलं की आवाज एकदम बसतो. पाती मात्र फिरतच राहतात, अगदी मुकाट्याने. या जुन्या यंत्राला पाती थांबवायचा ब्रेकच नाही. वेगात असताना पाती वर असतात, मंदावली की झुकतात, आणि वारा असला तर माणसाच्या मानेपर्यंत खाली येतात. हे सगळं मी सुपडूला सांगितलं होतं, त्याने मान डोलावली होती. पण जन्मभर कानाने जगलेला माणूस तो. आवाज बसला म्हणजे यंत्र बसलं, हे त्याच्या हाडांत होतं. आमच्याकडच्या प्रत्येक पंपवाल्याच्या असतं.

टर्बाइनचं पहिलं उड्डाण सुपडूच्याच गावात झालं. आमच्याकडे पाहुण्याला बोडक्या डोक्याने उभं राहू देत नाहीत. तो उतरला की टोपी, टॉवेल, नारळ. टोपी घालायचा मान सुपडूच्या थोरल्या भावाचा, नानांचा होता. चांगला उंचापुरा माणूस, वर त्या दिवशी फेटा बांधलेला. मी टर्बाइन बंद केलं, शिट्टी बसली, आणि सुपडूने हात हलवून हाक घातली, “बंद व्हयनं नाना, ये आते!” मी काचेआड दोन्ही हात हलवत होतो. नानांना वाटलं, साहेब बोलावतोय. ते हसत, टोपी-टॉवेलचं ताट सांभाळत पुढे आले... काचेवर रक्त उडालं, त्यातून मला फक्त रिकामं ताट दिसत होतं. सुपडू भावाच्या धडावर पडून ओरडत होता. काय ओरडत होता ते मला ऐकू येत नव्हतं, आणि देवाची कृपा की आलं नाही.

तेरावं झालं आणि मला वाटलं, हा आता या यंत्राचं तोंड बघणार नाही. पण चौदाव्या दिवशी तो शेतात हजर होता. हातात नानांची बैलं हाकायची बोरीची काठी. चुन्याच्या फक्कीने जमिनीवर मोठं रिंगण आखलं आणि त्याच्या कडेला उभा राहिला. तेव्हापासून रिंगणात पाय टाकणाऱ्याला सुपडूने आधी मारलं, मग बोलला. सरपंचाच्या पिंढऱ्या सुजवल्या, एका पुढाऱ्याच्या कार्यकर्त्याचं मनगट मोडलं, ओवाळायला धावलेल्या बायांची ताटं काठीने उडवली. जिथे जाऊ तिथे भांडण, एकदोनदा पोलीसही. मी चिडून म्हणायचो, “अरे, आधी तोंडाने तरी सांग!” तो म्हणायचा, “सांगासले टाइम ऱ्हातस का, साहेब? नाना तरी मना तोंडनं ऐकीसनच उना व्हता.”

पाती थांबत आली की तो रिंगणात शिरायचा, डोळा न हलवता पात्याकडे बघत. शेवटची गिरकी सरली की पात्याचं टोक तळहातात धरायचा आणि उभा राहायचा. तो हात पात्यावर पडल्याशिवाय मीही पट्टा सोडत नसे, तशी त्याची सक्त ताकीदच होती. मग दुसऱ्या हाताने गावाला बोलवायचा, आणि ज्याला मघाशी बडवलं त्याच्याच समोर मान वाकवून टोपी घालून घ्यायचा. पुष्कळांचा राग तिथेच विरायचा. शिव्या देत का होईना, जेवायला घेऊन जायचे.

शेवटच्या गावात तसं झालं नाही. तापीकाठचं गाव, तिथल्या एका पोराचं लग्न ठरलेलं. सोयरे भोपळा बघायला आलेले. शिट्टी बसताच नवरदेव मोबाइल उंच धरून, पाठमोरा, स्वतःचा व्हिडिओ काढत रिंगणात शिरला. सुपडूने गुडघ्यामागे काठी हाणली. पोरगा तोंडावर आपटला. पातं त्याच्या पाठीवरून गेलं, मी बघितलं. तो उठायला लागला तसे सुपडूने पाठीत आणखी दोन घातले, तो आडवाच राहावा म्हणून. नाकातून रक्त, तोंडात माती, आणि होणारा सासरा समोर! टोपी-टॉवेल तसाच राहिला. दुसऱ्या कुणीतरी काढलेला व्हिडिओ मग फोनाफोनांवर फिरला. मीही पाहिला. त्यात पातं दिसतच नाही. फिरणारं पातं त्या कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, वरच राहिलं. दिसतं ते एवढंच, की एक मिस्तरी पडलेल्या पोराला गुरासारखं झोडतोय. सोयरीक मोडली. पोराच्या चुलत्याने आणि आणखी तिघांनी बाजारच्या दिवशी सुपडूला गाठलं. त्या दिवशी तो सुट्टीवर होता, हातात मेथीच्या जुड्या होत्या. काठी माझ्या सीटमागे होती.

चौघे आत आहेत, त्यांचं काय व्हायचं ते होवो. पण मला राग येतो तो त्या न दिसलेल्या पात्याचा, आणि माझाही येतो, का ते कळत नाही.

परवा त्याची बायको, विमलअक्का, त्याची हत्यारांची पेटी आणि काठी न्यायला पारोळ्याजवळच्या शेतात आली. उड्डाणाआधीच मी काठी सीटमागून काढून तिच्या हातात दिली होती. मी वरून उतरलो तेव्हा ती गर्दीत उभी होती, काठी टेकून. कंपनीने पाठवलेला नवा माणूस फोनवर बोलत होता. फक्कीचं रिंगण नव्हतं. टर्बाइन बंद केलं, शिट्टी बसली, आणि एक म्हातारा टोपी-टॉवेलचं ताट घेऊन सरळ माझ्याकडे निघाला, हसत... मी ओरडलो, काचेवर मुठी आपटल्या. तो आणखी हसला. मग अक्का धावली. तिने काठी दोन्ही हातांनी धरून त्याच्या नडगीवर अशी हाणली की ताट एकीकडे आणि म्हातारा एकीकडे. पातं वरून गेलं. लोक तिच्यावर धावून आले, तशी ती काठी फिरवत गरजली, “पातं फिरी ऱ्हायनं! मांगे सरा!” सगळे जागच्या जागी थबकले. म्हातारा मातीतूनच कळवळला, “अक्का, माले कसाले मारं वं?” तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. ती पात्याकडे बघत होती.

पाती मंदावली, झुकली, थांबली. अक्काने काठी काखेत मारली, पुढे येऊन पात्याचं टोक तळहातात धरलं आणि तशीच उभी राहिली. तेव्हा मी पट्टा सोडला. काठी तिने नेली नाही. ती पुन्हा माझ्या सीटमागेच आहे.