निश्चित ‘नाही’

सुनेने तिच्या प्रवेश परीक्षेच्या सरावाचे पुस्तक पहिल्यांदा माझ्यापुढे ठेवले, तेव्हा त्यातला पहिलाच प्रश्न मी छपाईची चूक समजले. एक धन पूर्णांक संख्या २४ ने विभाज्य आहे का, असा प्रश्न होता आणि खाली दोन विधाने होती. पहिले, ती ४ ने विभाज्य आहे. दुसरे, ती ६ ने विभाज्य आहे. संख्या कोणती ते कुठेच दिलेले नव्हते आणि काढताही येत नव्हते. निवृत्त होईपर्यंत मी नाशिकच्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवले. बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेत असा अपुऱ्या माहितीचा प्रश्न आला, तर आम्ही शिक्षक तक्रार करत असू आणि मुलांना त्याचे गुण मिळावेत म्हणून आग्रह धरत असू.

“यात संख्या शोधायचीच नाहीये, आई,” सून म्हणाली. “दिलेली माहिती पुरते की नाही, एवढंच सांगायचं.”

सून सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम पाहत असे. सकाळी कंपनीच्या बसने जाई आणि दिवेलागणीला परत येई. व्यवस्थापनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करण्याची तिची इच्छा लग्नाआधीपासूनची होती. तो दुसऱ्या शहरात, वसतिगृहात राहून करायचा होता, आणि नात त्या जूनमध्ये पहिलीत जाणार होती. त्यामुळे तिने जायचे का, हा प्रश्न परीक्षेच्या आधीच घरात येऊन बसला होता. मुलगा म्हणे, आधी परीक्षा होऊ दे, मग बघू. मीही तेच म्हणत असे.

परीक्षेत तिचे गुण या एका प्रकारात जात होते, म्हणून आम्ही रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बसू लागलो. २४ च्या प्रश्नावर तिने क्षणात ‘दोन्ही विधाने मिळून पुरेशी’ असे उत्तर दिले होते. चार सक चोवीस, झाले. या चुकीचे मूळ मला चांगलेच ठाऊक होते. २ ने आणि ३ ने भाग जातो ती संख्या ६ ने विभाज्य असते, हा नियम आपण शाळेत घोकून घेतो. पण तो चालतो तो २ आणि ३ मध्ये १ शिवाय सामाईक विभाजक नाही म्हणून, हे सांगायचे राहते. ४ आणि ६ मध्ये २ सामाईक आहे. त्यांचा लसावि १२. म्हणून मी तिला १२ घ्यायला सांगितले. दोन्ही विधाने खरी, पण २४ ने भाग जात नाही. मग २४ घेतली. दोन्ही विधाने खरी, आणि भाग जातो. एकदा ‘नाही’, एकदा ‘होय’. म्हणजे माहिती अपुरी. अशा दोन संख्या शोधायची सवय तिला लवकर लागली.

दुसरी खोड सुटायला वेळ लागला. या प्रश्नांत प्रत्येक विधान आधी एकेकटे तपासायचे असते. दुसरे विधान वाचताना पहिल्या विधानातले काहीतरी तिच्या डोक्यात राहून जाई, आणि एकटे दुसरे विधान पुरते की नाही हे ती ठरवू शकत नसे. मी साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची एक पट्टी कापली. दुसरे विधान वाचताना पहिले पट्टीखाली झाकायचे, असा दंडक घातला.

एकदा प्रश्न होता, संख्या ६ ने विभाज्य आहे का? विधान होते, ती विषम आहे. तिने ‘अपुरे’ लिहिले. कारण विचारले तर म्हणाली, भाग जातच नाही ना. मी समजावले की विषम संख्येला ६ ने कधीच भाग जाणार नाही, म्हणजे उत्तर कायम ‘नाही’ येणार. निश्चित ‘नाही’ हे निश्चित ‘होय’इतकेच पूर्ण उत्तर आहे. अपुरे ते, जे कधी होय आणि कधी नाही असते. तिने ‘अपुरे’ खोडले आणि शेजारी ‘निश्चित नाही’ असे लिहून ठेवले.

परीक्षेत तिला चांगले गुण मिळाले. प्रवेशही मिळाला, आणि जागा स्वीकारायला आठवड्याची मुदत होती. घरात मात्र ‘बघू’च चालू राहिले. मुलगा म्हणे, आईच्या गुडघ्यांना झेपेल का ते बघू. मी म्हणे, त्याच्या ड्यूटीचे कसे होते ते बघू.

मुदत संपत आली तेव्हा सून टेबलाशी येऊन बसली. पुस्तक नव्हते, पट्टी तेवढी हातात होती.

“आई, तुम्ही नाही म्हणालात तरी मी रागावणार नाही,” ती म्हणाली. “नाही हे उत्तर आहे, तुम्हीच शिकवलंत. पण बघू म्हणू नका. त्यावर मला काहीच ठरवता येत नाही.”

तिच्या हातातली पट्टी मी मागून घेतली. आतापर्यंत मी मुलाचे विधान डोक्यात ठेवून माझे तपासत होते, आणि तो माझे ठेवून त्याचे. मग त्याचे झाकले आणि फक्त माझे पाहिले. प्रश्नात दोन संख्या घेतो तसे मनात दोन दिवस घेतले: एक गुडघा बरा असलेला, एक सुजलेला. शाळेची व्हॅन सकाळी कोपऱ्यावर येते. नातीला तिथवर सोडायचे तर दोन जिने उतरून पुन्हा चढायचे, आणि आमच्याकडे लिफ्ट नाही. बऱ्या दिवशी ते जमेल, सुजलेल्या दिवशी जमणार नाही. पण पहिलीतल्या मुलीची शाळा माझ्या गुडघ्याच्या मर्जीवर सोडता येत नाही. दुपारी शेजारच्या वर्गमैत्रिणीबरोबर ती स्वतःच वर येते; सकाळी मात्र त्या मुलीला तिचे वडील परस्पर शाळेत सोडतात. तिचे जेवण, अभ्यास, संध्याकाळ, झोप हे दोन्ही दिवशी जमेल.

मुलगा घरी आल्यावर मी दोघांना समोर बसवले. “दुपारपासून झोपेपर्यंत ती माझ्याकडे. सकाळचं मला जमणार नाही. एकही दिवस नाही.”

मुलगा म्हणाला, “ठीक आहे, सकाळचं मग बघ–” आणि थांबला, कारण आम्ही दोघी त्याच्याकडे पाहत होतो. मग त्याने जरा हिशेब केला. ड्यूटी तासभर उशिरा करून मागता येईल आणि नाही मिळाली तर सकाळी कुणी बाई लावता येईल, असे तो म्हणाला. “सकाळ माझी,” त्याने सांगितले. सुनेने त्याच संध्याकाळी जागा स्वीकारली.

जाताना पट्टी ती घेऊन गेली. आता रोज सकाळी मला पलंगावरून ऐकू येते, मुलगा मोजे शोधत असतो आणि नात त्याला व्हॅनची वेळ सांगत असते. मोजे कुठे आहेत ते मला माहीत असते. मी उठत नाही. सकाळचे उत्तर मी दिलेले आहे.