चाकांवरची मोरी

नवं घर बांधताना बायका आधी स्वयंपाकाच्या ओट्याची चौकशी करतात. मी मोरीपासून सुरुवात केली, आणि त्यापायी आमचं घर पुरं करायला कारागीर मिळेना.

आमचे हे एका रस्ता-कंत्राटदाराकडे ओव्हरसियर होते. पावसाळा सरला की महाडपासून पोलादपूरच्या पुढे घाटापर्यंत कुठे ना कुठे काम निघायचं. कधी पुलाचा कठडा, कधी दरड येऊन खचलेली रस्त्याची कड. काम सरकेल तसा मुक्काम सरकायचा. मजूर पालं ठोकून राहत, हे कुणाच्या तरी पडवीला पथारी टाकत, आणि मी महाडजवळच्या आमच्या बौद्धवाडीत सासूबाईंजवळ. लग्न झालेल्या बाईने पावसाळ्यापुरता नवरा बघायचा, बाकीचं वर्ष त्याची वाट बघायची, असा तो संसार होता.

एका हंगामात मी हट्टाने बरोबर गेले. पोलादपूरच्या पुढे एका गावात खोली मिळाली. मालकीण बोलायला गोड होती. आठवडाभर आम्ही एकमेकींकडे भाजीची देवाणघेवाण केली. मग कुणीतरी तिला आमची वाडी कोणती ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीला कुलूप. "मोरी तुंबली हाय," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. ती मोरी पुढे सगळा हंगाम तुंबलेलीच राहिली, फक्त आमच्यापुरती. मी करवंदीच्या जाळीला लुगडं बांधून त्याच्या आडोशाला, अंधार असताना अंघोळ उरकायची. कुणाची चाहूल लागली की अंगावरचा साबण तसाच. परत आल्यावर मी ह्यांना सांगून टाकलं, "पुन्हा मी यायची ती स्वतःची मोरी असेल तरच. नाहीतर तुम्ही तिकडे, मी इकडे."

हे वाद न घालता विचार करत राहणाऱ्यांपैकी होते. कंत्राटदाराच्या आवारात एक चार चाकांचा ट्रेलर गंजत पडला होता. पूर्वी त्यातून डांबराची पिंपं नेत. ह्यांनी तो मागितला. "घेऊन जा," कंत्राटदार म्हणाला, "त्यावर खोली बांध. काम सरकलं की माझा ट्रक ओढून नेईल." श्रावणात तो ट्रेलर आमच्या वाडीच्या कडेला, आंब्याखाली येऊन उभा राहिला. दिवाळीनंतर काम सुरू व्हायचं होतं. तोवर त्याचं घर झालं तर मी जाणार होते, नाही तर राहणार होते. वाडीतल्या बायका येऊन त्याच्याभोवती फिरून गेल्या. एकीने चाकाला हात लावून विचारलं, "ह्याची घरपट्टी कुठल्या ग्रामपंचायतीत भरायची गो?"

मला लहानपणापासून एक खोड आहे. कुणी हाताने काही करत असलं की मी तिथे उभी राहते. कल्हईवाला, कुंभार, चाकाला लोखंडी धाव बसवणारा लोहार, कुणीही. आई बाजाराला पाठवायची आणि मी कोथिंबिरीऐवजी लोहाराच्या भात्याची हकिगत घेऊन घरी यायची. तेव्हा कारागीर शोधायचं काम मी आपण होऊन अंगावर घेतलं.

पहिला सापडला तो महाडातला ट्रकच्या बॉड्या बांधणारा मिस्त्री. माणूस चोख. त्याने लोखंडाचा सांगाडा उभा केला, बाजूंना आणि वर पत्रा मारला, दोन खिडक्या काढल्या, भिंतीला मिटवून ठेवायची फळी लावली. रात्री खाट, दिवसा टेबल. मी तासन्‌तास बघत बसले. रिव्हेट मारताना तो तोंडात खिळे धरावेत तशा रिव्हेटा धरायचा आणि त्यातूनच बोलायचा. मोरीचं नाव काढलं तेव्हा मात्र त्याने त्या रिव्हेटा हातात काढून घेतल्या.

"वहिनी, ट्रकला कधी मोरी बघितलीत?"

"ट्रकात कधी संसार बघितलात?" मी म्हटलं.

त्याने कोपऱ्यात पत्र्याचं तबक बसवून दिलं, कडा डाग देऊन सांधल्या. आम्ही ट्रेलर एसटी स्टँडपर्यंत ओढून नेला आणि परत आणला. तेवढ्यात सांधा उकलला. पुन्हा डाग दिला, पुन्हा उकलला. "घर हलत नाही म्हणून त्याची मोरी टिकते," मिस्त्री म्हणाला, "हे तर चालणार. लाकडाची करा, लाकूड जरा सोसतं."

म्हणून मी सुतार बघितला. तो आला, ट्रेलरभोवती हिंडला, फळी टकटक वाजवली, मान डोलावली. मग रुमालाने हात पुसत विचारलं, "तुम्ही कुठले?"

आमच्याकडे ह्या प्रश्नाला गावाचं नाव सांगून भागत नाही. गाव सांगितलं की वाडी विचारतात, वाडी सांगितली की पुढचं आपोआप कळतं. मी एकदमच सगळं सांगून टाकलं. त्याचा हेलपाटा तरी वाचावा. तो म्हणाला, "उद्या येतो." त्याचा उद्या अजून उजाडायचा आहे.

भात पोटरीला आलं होतं. दिवाळी जवळ येत चालली आणि ह्यांनी हळूच सुचवलं, "यंदा आडोशाला ताडपत्री बांधू या का?" माझा संताप झाला. ताडपत्री काय आणि लुगडं काय! मी पिशवी उचलली आणि तुडीलला मावशीकडे निघून गेले.

तिथे सावित्रीच्या काठावर एक होडी पालथी घातलेली होती आणि एक म्हातारा तिच्या फळ्यांच्या फटींत राळेत आणि तेलात भिजवलेला कापूस ठोकत होता. बोथट छिन्नी, लाकडी हातोडा, आणि आवाज इतका एकसारखा की डोळे मिटून ऐकत राहावं. मी अर्थातच उभी राहिले. बराच वेळ त्याने वर बघितलं नाही.

"काय बघतेस गो?"

"पाणी आत येत कसं नाही?"

"येयाला वाट लागते. वाटच ठेवली नाय तर येल कुठनं?"

"आणि आतलं बाहेर?"

"ता पण नाय जात."

हे शेवटचं उत्तर मी नीट ऐकायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात तोवर मोरी तयारसुद्धा झाली होती. हलणाऱ्या, डुलणाऱ्या लाकडातून पाण्याचा थेंब न जाऊ देणं हाच तर त्याचा धंदा. मी त्याला ट्रेलरची गोष्ट सांगितली. त्याने हातोडा खाली ठेवला. "चाकावर होडी?" तो म्हणाला, आणि एकटाच हसत सुटला. मी लगोलग आमची वाडीही सांगून टाकली. तो हसायचा थांबला आणि म्हणाला, "लाकूड सागाचा लागंल." त्याला काम बघायची हौस आवरेना, हे मला स्पष्ट दिसत होतं. आपली खोड दुसऱ्यात ओळखू येते.

तो तुडीलहून एसटीने यायचा. खांद्यावर हत्यारांचं पोतं, आणि हातात पाण्याने भरलेला पितळी तांब्या, त्यावर फुलपात्र उपडं घातलेलं. पहिल्या दिवशी मी चहा नेला.

"नको बाय, पोट बरा नाय."

दुसऱ्या दिवशीही पोट बरं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी विचारलंच नाही. चहाच्या वेळेला नेमकं बिघडणारं आणि दुपारी भाकरीबरोबर सुकटीची चटणी पचवणारं पोट कसलं असतं, ते मला ठाऊक होतं. आणि तो तांब्या कशासाठी येतो तेही. आमच्या महाडात पाण्याचा विषय कुणाला शिकवावा लागत नाही. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो. हे म्हणाले, "काम सोडायला सांगू का?" मी म्हटलं, "मोरी होऊ दे."

आणि काम असं करत होता तो, की रागावूनसुद्धा मी तिथून हलत नव्हते. मोजमापाला त्याने मला ट्रेलरमध्ये कोऱ्या फळ्यांवर बसायला लावलं. "आंघोळीला बसतेस तशी बस. उजव्या हातानं पाणी घेतेस का डाव्या?" मी अंगभर लुगड्यात, हातात रिकामा तांब्या, आणि खोटं पाणी अंगावर ओतते आहे. बाहेर वाडीतल्या बायका हसून बेजार. तो मात्र गंभीर. पाणी कुठे पडेल, कुठे उडेल, कुठून ओघळेल ते बोटाने फळीवर खुणावत होता. माझ्या हातचं पाणी ज्याला चालत नव्हतं, तो माझ्या अंघोळीच्या पाण्याचा ओघळ इतक्या आस्थेने शोधत होता. माणसाच्या मनात ह्या दोन गोष्टी शेजारी शेजारी कशा राहतात, ह्याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर अजून वाटतं.

मोरी झाली. गुडघ्याएवढ्या काठाची, मधे किंचित खोलगट, होडीचा छोटासा तुकडा कापून आणून कोपऱ्यात ठेवावा तशी. त्याने वाडीतल्या बायकांकडून हंडे आणवले आणि ती काठोकाठ भरली. रात्रभर तशीच ठेवली. सकाळी आल्या आल्या तो ट्रेलरखाली उताणा शिरला आणि तळावरून हात फिरवत राहिला. बाहेर आला तो तळहात आम्हाला दाखवत. कोरडा ठक्क.

आम्ही पाणी उपसून टाकलं. मग मी म्हटलं, "आता भोक पाडा."

"कसला भोक?"

"पाणी जायला."

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जसं काही मी घर पेटवायला सांगितलं होतं. त्याच्या हिशेबी पाणी डब्याने उपसून दाराबाहेर टाकायचं होतं. होडीत तसंच करतात. मी समजावलं, ह्यांनी समजावलं, कागदावर चित्र काढून दाखवलं. त्याने गिरमिट पोत्यातून काढलं, हातात फिरवलं, आणि फळीवर ठेवून दिलं.

"मी बांधलेल्या तळाला माझ्या हातानं भोक नाय पाडायचा. आमच्यात नाय करत."

"आमच्यात करतात," मी म्हटलं. माझ्या आवाजात जे होतं ते त्याला ऐकू गेलं असणार, कारण त्याने मान खाली घातली. बाकीच्या सगळ्या दिवसांचा राग त्या दोन शब्दांत आला होता. मी गिरमिट उचललं आणि मोरीत उतरले.

"कुठे पाडू?"

"मी नाय सांगनार." तो पाठ फिरवून दारात उभा राहिला. मी मधोमध टोक टेकवलं. पाठमोराच म्हणाला, "मधे नको." मी थोडं सरकवलं. "उजव्या हाताला ये. पानी तिकडं जमतं." पाठीला डोळे असावेत तसा. मी दाबून फिरवायला लागले. साग कठीण; तळहात लाल झाले, फोड यायचा बाकी राहिला. हे पुढे झाले, तर मी त्यांनाही हात लावू दिला नाही. कुलूप लावलेल्या त्या मोरीचं दार सारखं डोळ्यांपुढे येत होतं. शेवटी टोक खाली निघालं, भुसा पडला आणि भोकातून खालचं गवत दिसलं.

हंडे रिकामे होते. पाणी आणायला मी उठते तोच तो वळला. त्याला राहवेना. पायरीवर ठेवलेला आपला तांब्या त्याने उचलला, फुलपात्र बाजूला केलं आणि सगळा तांब्या मोरीत ओतला. पाणी पसरलं, जरा थबकलं, उजवीकडे वळलं, भोकापाशी गरगरलं आणि निघून गेलं. एक थेंब मागे राहिला नाही. तो घाईघाईने खाली उतरून ट्रेलरखाली वाकला. "धार सरळ पडते हाय!" तिथून ओरडला. भोक पाडायला नको म्हणणारा हाच का, असं वाटावं इतका आनंद.

मी मोरीतच बसून राहिले आणि मला रडू आलं. घाटात, रस्त्याच्या कडेला, कुठेही आता माझ्या अंघोळीचं पाणी मी सोडीन तिथून जाणार होतं. मी जाणार होते. ह्यांना ते न सांगता कळलं. ते उगीचच खिडकीची कडी घट्ट करायला लागले.

दुपारी आश्विनातलं ऊन रणरणत होतं. तो आंब्याखाली बसून हत्यारं पुसत होता. भाकरी खाऊन झाली होती. त्याने तांब्या उचलला, आडवा करून बघितला आणि ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा उचलला. एसटीला अजून अवकाश होता. मी दारात तांदूळ निवडत होते, सगळं बघत होते, आणि आपण होऊन उठायचं नाही असं मी ठरवलं होतं. एवढा हट्ट मला माफ असावा.

"बाय," तो म्हणाला, "पानी हाय?"

मी कळशी घेऊन गेले. ओतायच्या आधी सांगितलं, "आमच्या वाडीच्या विहिरीचं आहे."

"म्हाईत हाय," तो म्हणाला आणि तांब्या पुढे धरला.

तो तांब्याभर पाणी एका दमात प्यायला. मग दुसऱ्यांदा तांब्या पुढे केला. घरी जाऊन त्याने हे कुणाला सांगितलं का, त्यानंतर कुणाकडे प्यायला का, मला माहीत नाही. मी कळशी खाली ठेवली. हसू दाबत विचारलं, "आणि पोट?"

त्याने मिशी पुसली. हत्यारांच्या पोत्याकडे बघितलं, ट्रेलरकडे बघितलं.

"बरा हाय आता," तो म्हणाला. "चहात साखर जरा जास्त टाक."