कुमुद सिस्टरांचा प्रश्न

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण कुमुद सिस्टरांचं आहे. आज हातमोज्यावर काळ्या शाईचा डाग पडला आणि बोंडअळीने कापूस खाल्ला त्या वर्षातली यवतमाळची ती सकाळ आठवली.

दुर्बिणीने आतड्याचा कॅन्सर काढायला मी नुकताच शिकलो होतो. टेबलावर घाटंजीकडच्या शांताबाई होत्या. "लहानच चीर द्या जी. उरला कापूस मलेच येचा लागते," असं त्या म्हणाल्या होत्या. मी शब्द दिला होता.

सिस्टरांनी विचारलं, "सर, काल तपासणीत गाठीपाशी खुणेची शाई टोचली ना?"

"गरज नाही," मी म्हणालो. खरं तर विसरलो होतो. घरातला पहिला पदवीधर मी. विसरलो म्हणायला जीभ वळली नाही.

दुर्बिणीत बोटांना स्पर्श नसतो. बाहेरून सगळं आतडं सारखंच गुलाबी दिसतं; शाईची काळी खूण नसेल तर गाठ कुठे आहे ते कळत नाही. तासभर शोधून शेवटी पोट उघडलं, तेव्हा गाठ हाताला लगेच लागली.

चौथ्या दिवशी शांताबाई टाके पाहून हसल्या. "पोतं शिवलं का डाक्टर?"

"गाठ अवघड होती," मी म्हणालो. शेजारी उभ्या सिस्टर टाक्यांवर नवी पट्टी लावत राहिल्या.

आज त्यांना पत्र टाकलं:

"सिस्टर, आमच्या ऑपरेशनआधीच्या तपासणी-यादीत पहिली ओळ तुमचा प्रश्न आहे. नवे सर्जन तो मोठ्याने वाचतात. तो कुठून आला, मी काय विसरलो होतो, हे त्यांना आज सांगितलं. शांताबाईंना अजून नाही. रविवारी घाटंजीला जातोय. तुम्ही सोबत याल का?"