पेटीतल्या राणीची ओटी

नवीन मधपेट्यांतून पहिल्या वर्षी मधाची आशा धरू नये म्हणतात. आम्ही धरली नाही. पण किस्से? ते पहिल्याच आठवड्यापासून गळायला लागले!

आम्ही चौघे. प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून रिटायर झालेले शिर्केभाऊजी, त्यांच्या पत्नी पुष्पावहिनी, फतेगंजची मी, आणि जिच्या डभोई रोडवरच्या शेतात पेट्या ठेवल्या ती नयनाबेन. माश्यांचं तिला थोडंफार कळत होतं. बाकी आम्ही शून्य.

पहिला हल्ला मुंग्यांचा. नयनाबेन म्हणाली, "स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, मुंगी वर चढणार नाही." भाऊजींनी तडक ठेवल्या. मुंग्या बंद! रविवारी घरी पाहुणे जेवायला बसले आणि वहिनींना फडताळात एकही स्टीलची वाटी सापडेना.

"आमटी काय आता मुंग्यांना वाढू?"

मग भाऊजींना कुणीतरी जुनी पेटी फुकट दिली, पोळ्यांसकट! ते खूश. नयनाबेनने झाकण उघडलं. आत मेणकिड्यांची जाळीच जाळी. तिने पोळी तिथल्या तिथे जाळली आणि पेटी आतून ब्लोलँपने शेकायला लावली. भाऊजी हळहळले, "अहो, फुकट मिळाली होती!"

"रोग पण फुकटमां ज मळे, शिर्केभाई!"

त्यानंतर माइट. माशीच्या अंगाला चिकटून तिला पोखरणारा तांबूस किडा. तो आहे का ते बघायला थोड्या माश्या बरणीत घेऊन त्यांच्यावर पिठीसाखर टाकायची आणि बरणी हलवायची. किडे सुटून खाली पडतात, माश्या पांढऱ्याफटक होऊन परत घरी. तर ती साखर आणायला मी फतेगंजात दुकानात गेले आणि दळेली खांड मागितली.

"केक बनाववी छे, बेन?"

"ना, माखी माटे."

दुकानदाराने साखर परत आत ठेवली आणि फवारा काढून दिला. "माखी माटे आ लो! एक पण नहीं बचे!"

साखरेच्या परीक्षेत एक पेटी नापास झाली. ती आम्ही शेताच्या दुसऱ्या टोकाला नेली. तिला हात लावला की हात, अवजारं, सगळं धुवायचं असा वहिनींनी कायदा केला आणि फाटकावर आजारपणाची पाटी लावली: 'मांदगी छे. अंदर आवशो नहीं.' संध्याकाळी शेजारचे रमणकाका शहाळी घेऊन फाटकात उभे. "कोण मांदुं छे?"

वहिनींनी लांबच्या पेटीकडे बोट दाखवलं. काका बराच वेळ तिकडे बघत राहिले. मग शहाळी आमच्या हातात देऊन म्हणाले, "तो आ तमे पी जाव!"

पण ती पेटी खरंच जाईल असं वाटत होतं. दारात पंख चुरगळलेल्या माश्या सरपटायच्या. शेवटी नयनाबेन म्हणाली, राणीला काही दिवस जाळीच्या डबीत ठेवू. अंडी नाहीत तर अळ्या नाहीत, अळ्या नाहीत तर माइटला वाढायला जागा नाही. मग औषधही नीट लागू पडेल.

वहिनी भडकल्या. "रोग किड्यांचा आणि कोंडायचं बाईला?"

पण डबी त्यांनीच लावली. रोज बसने जाऊन बघून यायच्या. औषध झालं, डबी उघडली, राणी पोळ्यात शिरली. नंतरच्या खेपेला आम्ही सगळे गेलो. भाऊजींनी पोळ्याची चौकट उन्हाला धरली. त्यांना काही दिसेना, मलाही नाही. वहिनींनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"अंडी आहेत," त्या म्हणाल्या. "घराघरात एकेक."

भाऊजींनी चौकट इतक्या हळू परत ठेवली, जसं काही तान्हं बाळच. तेवढ्यात वहिनींनी पिशवीतून नारळ, तांदूळ आणि हिरवा खण काढला आणि पेटीसमोर ठेवला. भाऊजी बघतच राहिले.

"अहो, माशीची ओटी?"

"मग? एवढं सोसलं तिने!"

नयनाबेनने खण उचलून उन्हात त्याचा हिरवा रंग निरखला, नीट घडी घालून परत ठेवला आणि गंभीरपणे मान डोलावली.

"लीलो लाव्यां ए सारुं कर्युं, पुष्पाबेन. काळा रंगथी ए चिडाय छे."