ईशाबद्दल मी फोनवर जे बोललो

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही, आणि तिच्यापासून शुगरच्या रिपोर्टाशिवाय मी काही लपवत नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. सांगतो.

मी इथे अमेरिकेत, बेलव्ह्यूत सॉफ्टवेअरमध्ये. शनिवारी मात्र गावाबाहेरच्या एका छोट्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकवायचो. ईशा माझी विद्यार्थिनी. माझ्या नागपूरच्या मित्राची मुलगी, जन्म इथलाच, तेव्हा तेवीस वर्षांची. मला काका म्हणायची. उडण्याआधी विमानाच्या पंखाला थोपटायची, बैलाला थोपटावं तशी. हेडसेटच्या पिशवीत चिवडा ठेवायची. उतरलो की पंखाच्या सावलीत बसून आम्ही दोघं तो संपवायचो. आम्हाला मूलबाळ नाही. शनिवार म्हणजे माझ्यासाठी... असो.

तिला अलास्कात उडायचं होतं. रस्तेच नसलेल्या गावांना टपाल, दूध, औषधं पोचवणारी ती लहान विमानं असतात ना — ती. पण तिच्या उड्डाणाचे तास जेमतेम तीनशे. एवढ्या तासांवर कोण विचारतं? ईमेलना उत्तरं येईनात. मग २००५च्या एप्रिलमध्ये, हंगाम सुरू व्हायच्या आधी, स्लीपिंग बॅग घेऊन ती सरळ तिकडेच गेली. विमानं ठेवायच्या या हँगरमधून त्या हँगरमध्ये — सामान चढवेन, विमानं धुवेन, पण उडायला द्या. सगळीकडे नकार. शेवटी साठीच्या एका बाईंनी, चार विमानांच्या मालकिणीने, तिला विमानात घेऊन एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, तुझ्या शिक्षकाशी बोलते.

आता आधीच्या ऑक्टोबरातलं एक सांगायलाच हवं. आम्ही डोंगरांच्या खिंडीतून पलीकडे निघालो होतो. ढग खाली येत होते. मी म्हटलं, अजून दोन मैल जाऊन बघू. मला पलीकडे जेवायला पोचायचं होतं — एवढंच कारण! ईशाने एकदा समोर पाहिलं.

"काका, आपण टर्न करूया. नाऊ."

आणि माझ्या होकाराची वाट न बघता तिने विमान वळवलं. पाच मिनिटांत मागची खिंड ढगांत दिसेनाशी झाली. वीस वर्षं उडणारा मी — आणि शहाणपण कुणाकडे होतं? उतरल्यावर मी तिला शाबास म्हटलं का? नाही. मी म्हटलं, "घाबरलीस वाटतं."

तर, फोन. मी ऑफिसात होतो. उठून पार्किंगमध्ये गेलो. बाईंचा आवाज खरखरीत, पण मायेचा.

"हात चांगला आहे मुलीचा," त्या म्हणाल्या. "तास कमी आहेत, ते मी बघून घेईन. मला एकच सांगा. हवा बिघडली तर ती परत फिरते का?"

याचं उत्तर माझ्याइतकं पक्कं जगात कुणाला ठाऊक होतं? एखाद्याचं वाईट सांगताना माणूस थांबतो ना, तसा मी मुद्दाम थांबलो.

मग म्हणालो, "कधीकधी ताणते जरा. खिंडीत एकदा... मला सांगावं लागलं, वळ म्हणून."

माझी चूक मी उचलली आणि तिच्या नावावर घातली. इतकं सोपं होतं ते.

"खरं सांगितलंत," बाई म्हणाल्या. "सगळे सांगत नाहीत. थँक यू."

तिच्या जिवाची काळजी वाटली म्हणून बोललो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. काळजी होतीही. पण त्या क्षणी डोळ्यांपुढे आला तो रिकामा शनिवार. माझा.

आठवड्याने ती परतली. एअरपोर्टवर मीच घ्यायला गेलो. तिने माझ्यासाठी धुरावलेल्या सामन माशाचं पाकीट आणलं होतं. गाडीत माझा चेहरा बघून उलट तीच माझी समजूत घालायला लागली.

"इट्स ओके, काका. त्या आंटी खूप नाइस होत्या. माझे अवर्सच कमी पडले."

मी मान हलवली.

पुढे तीही शिक्षिका झाली आणि दोन वर्षं माझ्याच धावपट्टीवर शिकवत राहिली. मला माझे शनिवार मिळाले. मग तिला एका छोट्या विमान कंपनीत काम लागलं. आता मिशिगनमध्ये असते, पन्नास माणसं घेऊन उडते. खूश आहे, असं म्हणते. अलास्काचं नाव काढत नाही. तिच्या आईला मात्र एकदा म्हणाली होती, तेवढं एक राहून गेलं.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. नव्या नोकरीचा अर्ज भरत होती. त्यात ओळखीच्या कुणाचं तरी नाव द्यायचं होतं.

"काका, तुमचंच टाकते हं. तुमच्यासारखं मला कोण ओळखतं?"

"टाक," मी म्हणालो.

अलास्काची ती नोकरी तिला मिळाली होती. ती मी घालवली.