खिडकीबाहेरून लॉगिन

“तिथंच थांब. खिडकीतनं सांग. दिवाणजी बटणं दाबतील.”

सांगलीजवळच्या एका कोल्ड स्टोरेजचं ऑफिस. मी व्हरांड्यात. आत मालक, त्यांचे दिवाणजी आणि एक जुना कॉम्प्युटर. त्याच्या वर भिंतीला देव्हारा.

हा कॉम्प्युटर मी सहा वर्षं साताऱ्यातून सांभाळत होते. आमच्या ऑफिसात बसून रिमोट लॉगिन करायचं आणि बिघाड काढायचा, हे माझं काम. माझ्या वहीत प्रत्येक मशीनला एक पान : सिस्टीम कुठली, व्हर्जन कुठलं, कशावर अडतं. कुणाचा बेदाणा कुठल्या खोलीत, ती यादी मीच बसवून दिलेली. पडद्यावरचा गणपतीही मीच लावलेला. फोनवर मालक म्हणायचे, “मॅडम, तुमच्या हाताला यश हाय.”

मग एकदा लॉगिनच होईना. जावं लागलं. दारात त्यांनी विचारलं, “आडनाव काय?” सांगितलं. “गाव?” वडूजकडचं. “घर गावात, का गावाबाहेर?”

खरं तेच सांगितलं. मॅडमची ‘तू’ झाले.

आणि मी ऐकलं. हे लिहायला लाज वाटते. तासभर खिडकीचा गज धरून सांगत राहिले. मशीनची तारीख दहा वर्षं मागे गेली होती, म्हणून लॉगिन नाकारत होतं. दिवाणजींनी तारीख बदलली. चालू झालं. पाणी मागितलं, तर वरून ओंजळीत ओतलं. मी प्याले.

आठवड्यात पुन्हा बंद. मशीनमधल्या घड्याळाचा सेल संपलेला. वीज गेली की तारीख पुन्हा मागे. रुपयाएवढा नवा सेल घेऊन गेले.

“दे इकडं. दिवाणजी बसवतील.”

“मशीन उघडावं लागतं. मीच बसवीन. आत येऊन.”

“देवाची खोली हाय ती.”

“सहा वर्षं आतच होते की मी.”

दिवाणजींनी मान खाली घातली. मालक म्हणाले, “लय शानी झालीस गं.”

सेल पर्समध्ये टाकला. एसटी धरली.

कराड यायच्या आत आमच्या साहेबांचा फोन. “जुनं गिऱ्हाईक आहे. जरा समजून घ्या.”

“समजलंय, म्हणूनच परत निघालेय. कामावरून काढायचं तर काढा.”

वहीत त्या मशीनच्या पानावर लिहिलं : आत बसून, माझ्या हातानं. नाहीतर बंद.

आता कुठलाही फोन आला की आधी नाव सांगते. आडनाव सांगते. गाव सांगते. मग पासवर्ड मागते.