देवीचा चेहरा

ऑइलपेंटचा वास आला की मला झरीकडच्या आमच्या गावची देवी आठवते. निंबाखालची ती काळ्या दगडाची प्राचीन मूर्ती मी संगणकावर केलेल्या एका चित्रात वापरली होती. फोटो नेटवरून उचललेला, चित्रही नेटवरच टाकलेलं. देवी आपली, मग विचारायचं कोणाला, असं वाटलं होतं. फोटो काढणाऱ्याचा मेल आला, "मूर्ती तुमच्या गावची असेल, फोटो माझा आहे. चित्र काढून टाका." मी चित्र काढून टाकलं आणि चिडून स्वतःच फोटो घ्यायला गावी गेलो. भर दुपार होती, निंबाचं पानही हलत नव्हतं. ओट्यावर देवी उभी होती, पायापासून डोक्यापर्यंत चकचकीत पिवळी. कोरलेल्या पापण्या, ओठांची ती नाजूक कड, सारं रंगाखाली बुजलेलं. वरून टपोरे काळे डोळे काढलेले. पूजा करणारी म्हातारी कौतुकानं म्हणाली, "पाह्य न बाप्पा, कशी चमकून राह्यली! नवरात्रात तूच त रंगाचा डबा धाडला होता." मी कॅमेरा बाहेर काढलाच नाही. देवीचा खरा चेहरा आता फक्त त्या माणसाच्या फोटोत उरलाय, कोपऱ्यात त्याचं नाव आहे. माझं नाव ओट्यावर लिहिलंय, रंग देणारा म्हणून.